दिवाणजीचं खारं पाणी

अमरावती,
मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १८५८

प्रिय शकुन,

फुकट आलेली वस्तू सगळ्यात महाग पडते, असं मी बाजारात दुसऱ्यांना सांगत आलो. स्वतः हिशेब मांडायची वेळ तुझ्या माशानं आणली. कलकत्त्याच्या आडत्यानं तो गेल्या वर्षी दिवाळीची भेट म्हणून पाठवला होता, म्हणजे आपला एक छदामही गेला नव्हता. आता त्याच्यापायी काय काय गेलं ते बघ. तुझ्या आईची पितळी परात चेमटली. वर्षाची हळद मार्गशीर्षातच तळाला गेली. मनकर्णाबाईशी आमच्या लग्नापासूनचा शेजार, तो मधे बंद पडला, कारण बोका त्यांचा. वरूडचा एक चांगला बगीचा हातचा सुटला. आणि रिद्धपूरला दर्शनाला निघालेल्या तुझ्या सासूबाई अमरावतीतच अडकून पडल्या. एवढं सगळं एका वीतभर जिवासाठी, ज्याला धड ओरडताही येत नाही.

तुझा जीव टांगणीला लागू नये म्हणून आधीच लिहितो, दिवाणजी आज सकाळपर्यंत जिवंत आहे. सासरी जाताना तू माझ्याकडे दागिना मागितला नाहीस, साडी मागितली नाहीस. मी बाळंतपणाला येईन तोवर याला जगवा, एवढंच म्हणालीस. मी हसून हो म्हटलं होतं. मासा जगवायला काय लागतं, चिमूटभर कणीक आणि पाणी, असं तेव्हा वाटलं होतं. आणि हो, 'चिरंजीव सौभाग्यवती' सोडून बाबांनी 'प्रिय' कुठून आणलं म्हणून हसू नको. जावईबापूंच्या पत्रात वाचलं, बरं वाटलं, उचललं. चांगला माल दिसला की उचलायचा, हा आपला धंदाच आहे.

मी सगळा धंदा कानांवर उभा केला, हे तुला नव्यानं सांगायला नको. डोक्यावर मेथीची पाटी घेऊन इतवाऱ्यात फिरत होतो तेव्हा माझ्याकडे दुसरं भांडवल काय होतं? दोन दलाल झाडाखाली काय कुजबुजतात ते पाटी खाली ठेवता ठेवता ऐकायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याप्रमाणे माल धरायचा. पुढं संत्र्यात शिरलो तेव्हा संत्रं कानाशी हलवून सांगायचो, हे पोचट, हे रसाचं. तुझ्या सोयरिकीच्या वेळी पाहुणे आतल्या खोलीत बसून काय बोलले तेही मी ओसरीवरून ऐकलं होतं. पोरगी सावळी आहे पण बाप सरळ आहे, असं तुझे सासरे म्हणाले, आणि मी तिथंच मनात सुपारी फोडली. तू तर लहानपणी गल्लीभर सांगत फिरायचीस की आमच्या बाबांना मुंगी चाललेलीसुद्धा ऐकू येते. मीही कधी नाही म्हटलं नाही. उलट चारचौघांत पैज लावायचो की वऱ्हाडात असे कान दुसऱ्या कोणाचे असतील तर त्याला बैलगाडीभर संत्री फुकट. कोणी ती गाडी नेली नाही.

तर झालं ते असं. कार्तिकातल्या एका दुपारी मी पेढीवर भिंतीकडे तोंड करून बसलो होतो, पेट्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्या लिहीत. दिवाणजीची काचेची पेटी माझ्या पाठीमागे, हात लांबवला तर लागेल इतकी जवळ. तू बजावून गेली होतीस तसं वर परात झाकलेली, परातीवर वजन ठेवलेलं. मनकर्णाबाईच्या बोक्यानं ते वजन ढकललं. परात फरशीवर आपटली आणि गोल गोल फिरत राहिली असेल. मनकर्णाबाई गल्ली ओलांडून धावत आल्या, तुझी आई तव्यावरची भाकरी टाकून आली, रस्त्यानं जाणारे दोघे थांबून आत डोकावले. मी चिठ्ठीच लिहीत होतो. मानेवर पाण्याचे थेंब उडाले तेव्हा मागं वळलो, तर ही सगळी मंडळी दारात आणि दिवाणजी बोक्याच्या पंजाखाली.

तुझी आई पुढं येऊन म्हणाली, "परात पडली तरी तुमाले समजलं नाई? अख्खी गल्ली जमा झाली." मी म्हटलं, हिशेबात होतो. ती माझ्याकडे बघत राहिली फक्त.

दिवाणजीची दशा काय सांगू. एका बाजूचे खवले खरवडून निघालेले, शेपूट जुन्या धोतरासारखं फाटलेलं, आणि कल्ल्याच्या मागं एक लांब जखम. पाण्यात सोडला तर तळाशी जाऊन कुशीवर पडला. तोंड मात्र हलत होतं. त्याचं तोंड बघूनच तू त्याला दिवाणजी नाव दिलं होतंस, मनातल्या मनात सारखा आकडेमोड करतो म्हणून. त्या दिवशी ते तोंड मला बघवेना.

शकुन, मी आयुष्यात पुष्कळ अडचणी सोडवल्या. बडनेऱ्याला माल अडला तर मालबाबूशी कसं बोलायचं, पाऊस लागला तर पेट्या कुठं हलवायच्या, रुसलेल्या बागवानाला कोणत्या शब्दानं वळवायचं, सगळं मला येतं. पण माशाशी काय बोलणार? बैल दुखावला तर पाय आखडतो, हंबरतो. पोर रडतं. हा कुठं दुखतं सांगत नाही, बरं वाटतं तेही सांगत नाही. मी पेढी सोडून त्याच्यासमोर बसायला लागलो. जानराव मुनीम मालाचं विचारायला यायचा, मी मान हलवायचो, तो निघून जायचा. पेटीतला दुसरा, लहान मासा येऊन दिवाणजीच्या जखमेला टोचा मारायला लागला तेव्हा एवढं मात्र सुचलं की दुखावलेलं संत्रं पेटीत ठेवत नाहीत. त्याला अंगणातल्या मातीच्या कुंडीत वेगळा ठेवला. माझ्या अकलेचं दुकान तिथंच बंद झालं.

पुढं जे केलं ते ऐकून तू हसशील किंवा रडशील. आपल्याकडे जखम म्हटली की हळद. मी त्याला ओल्या फडक्यात धरला आणि तुझ्या आईनं तेलात कालवलेली हळद जखमेवर थापली. तो हातातून निसटला, कुंडीभर पिवळा तवंग पसरला, आणि दिवाणजी वर येऊन हवेसाठी तोंडाचा आ करायला लागला. तुझ्या आईनं ते पाणी ओतून नवं भरलं. मग रोज सकाळी तेच. तू सांगून गेली होतीस की एकदम सगळं पाणी बदलू नका, दोन तांबे काढा, दोन तांबे उन्हात ठेवलेलं घाला. पण आपल्या घरात पहाटे पहिलं काम म्हणजे रात्रीचं शिळं पाणी फेकणं, मग आजाऱ्याला शिळं पाणी कसं ठेवायचं? ती मायेनं कुंडी घासायची, विहिरीचं ताजं पाणी भरायची, आणि मी शाबासकी द्यायचो. आपल्या विहिरीच्या गोड पाण्याचा मला केवढा गर्व. तुला खारपाणात, त्या खाऱ्या विहिरींच्या मुलखात, देताना मी सोयऱ्यांना हसत म्हटलं होतं, पोरीला पाणी तेवढं माझ्या विहिरीचं पाठवत जाईन. त्या गोड पाण्यात दिवाणजीच्या जखमेवर कापसासारखी बुरशी चढायला लागली. जितकं ताजं पाणी, तितका तो तळाला.

ढोरांच्या दवाखान्यात गेलो. तिथले डॉक्टर भले माणूस, पण मी डबा उघडून दाखवला तेव्हा त्यांचे खांदे हलायला लागले. चारपेक्षा कमी पायांचा रोगी आम्ही घेत नाही, असं काहीसं म्हणाले असावेत, कारण कंपाउंडरही हसत होता. मीही हसलो. हसणाऱ्या माणसाला कोणी काही विचारत नाही, त्यालाही काही विचारावं लागत नाही. परत येताना डबा छातीशी धरला होता, आणि पन्नाशी उलटलेला, शहरात नाव असलेला मी भर रस्त्यात एका माशाला सांगत होतो की बाबा, शकुन येईपर्यंत थांब.

धंद्याचंही लिहायला हवं. वरूडच्या बगीच्याचा उघडा लिलाव होता. मी उभा होतो, बोली वर चढत गेली, आणि केव्हा तुटली ते मला कळलंच नाही. लोक पांगायला लागले तेव्हा समजलं. जानरावला म्हटलं, डोकं माशात होतं. तेव्हापासून मी उघड्या लिलावाला जात नाही. जुन्या पद्धतीनं रुमालाखाली बोटं धरून सौदा करतो. लोक म्हणतात गोवर्धनशेट सोवळे झाले. म्हणू दे. बोटं खोटं बोलत नाहीत. तुझी आई मात्र हल्ली माझ्याशी बोलते तेव्हा तिच्या गळ्याच्या शिरा ताणलेल्या दिसतात. बिचारी दिवसभर दमते.

अशात तुझ्या सासूबाई आल्या. रिद्धपूरला निघाल्या होत्या, वाटेत तुझं न्यायचं-आणायचं ठरवावं म्हणून थांबल्या. दारातच हात जोडून दंडवत केला आणि आत येताच कुंडीतला जीव बघितला. तुला माहीत आहे, त्या मुंगीवरही पाय देत नाहीत. गाठोडं कोपऱ्यात टाकलं आणि कुंडीपाशी बसल्या. पाणी कुठलं, रोज बदलता का, सगळं विचारून घेतलं. मग माझ्याकडे तोंड करून म्हणाल्या, "गोड पान्यात जखम चिघळते, इवाई. आमच्या पान्यात मीठ हाय, म्हून आमी बी असे टिकलो." लग्नातला माझा टोमणा त्यांनी गाठीला बांधून ठेवला होता, आणि वेळ बघून सोडला. त्यांच्या गावच्या खाऱ्या विहिरीत मासे म्हातारे होतात, अंगाला बुरशी म्हणून लागत नाही, हे त्या लहानपणापासून बघत आल्या आहेत.

मग मीठ किती घालायचं हा प्रश्न आला. त्यांनी मापबीप काही मागितलं नाही. एका हंड्यात पाणी घेतलं, चिमटीनं मीठ सोडत गेल्या, आणि प्रत्येक वेळी बोट बुडवून जिभेला लावलं. जन्मभर खारं पाणी प्यालेली जीभ ती. पुरे म्हणाल्या तेव्हा मलाही चाखायला लावलं. तुझ्या लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्या घरी पाणी प्यालो होतो आणि तोंड वाकडं केलं होतं, तीच चव. तुझी आई पदर तोंडाला लावून हसत होती. ते पाणी दिवसभर उन्हात ठेवलं, आणि त्यातलं थोडं थोडं कुंडीत घातलं, अर्धं जुनं पाणी तसंच ठेवून. शिळं पाणी राखायचं म्हणून तुझ्या आईच्या हाताला पहाटे खाज सुटायची. विहीणबाई कुंडीसमोर पाट टाकून बसायच्या, तिला कुंडीला हात लावू द्यायच्या नाहीत. रिद्धपूरचं काय म्हणून विचारलं तर म्हणाल्या, देव कुठं जाऊन राहिला, जीव तर जाऊन राहिला ना.

बुरशी हळूहळू सुटली. फाटलेल्या शेपटाच्या कडेला नवा पदर आला आहे, कांद्याच्या सालीसारखा पातळ, उन्हात धरला तर आरपार दिसतो. जखम भरली, पण तिथं खवले आले नाहीत. आणि एक गोष्ट लपवत नाही, तो सरळ पोहत नाही. एका अंगावर कलून पोहतो, आणि दमला की कुंडीच्या कडेला टेकतो. विहीणबाई म्हणतात हे असंच राहणार. मीठ जखमेला चालतं, जे गेलं ते मिठानं परत येत नाही. मी अजून रोज समोर बसतो. बसण्याचा त्याला काही उपयोग नाही, हे मला कळतं. पण उठवत नाही. कणकेची गोळी टाकली की कललेल्या अंगानं वर येतो, चुकतो, पुन्हा येतो. मी हात घालून गोळी त्याच्या तोंडाशी नेली तर घाबरून तळाला जातो. म्हणून हात मागं घेऊन बघत बसायचं, एवढंच काम उरलं आहे.

मध्ये एक प्रकार घडला, तो तुझ्या कानावर येण्याआधी माझ्याकडून समजावा. एके सकाळी मी कुंडीपाशी बसलो होतो. विहीणबाई माझ्या मागं येऊन बसल्या आणि तुझ्याविषयी बोलायला लागल्या. पहिलटकरीण आहे, कुठल्या दिवशी पाठवावी, सुईण कोण बघितली, सगळं मनापासून विचारत होत्या, हे मला तुझ्या आईनं नंतर सांगितलं. मी पाठ केली ती केलीच, उत्तर नाही, हुंकारही नाही. पोरीच्या बापानं एवढा माज करावा, असं त्यांना वाटलं. त्या तडक उठल्या आणि गाठोडं बांधायला लागल्या. तुझी आई रडायला लागली. मी मागं वळलो तो हे दृश्य. बांधलेलं गाठोडं, आईच्या डोळ्यांत पाणी, आणि काय झालं ते मला काही माहीत नाही. विहीणबाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या, रागानं बोलायला लागल्या, आणि मधेच थांबल्या. माझे डोळे कुठं आहेत ते त्यांनी बघितलं. "तुमी माह्या तोंडाकडं पाहून ऐकून राहिले, इवाई. कवापासून?" त्यांनी गाठोडं सोडलं. आईला चहा टाकायला सांगितलं. आणि मला समजेल अशा बेतानं, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "पोरीले दुसऱ्याच्या तोंडून समजू नका देऊ."

म्हणून हे पत्र. माशाचं निमित्त करून इतकी पानं भरली, कारण हा मजकूर कुठं सुरू करायचा ते सुचत नव्हतं. भाद्रपदात हिवताप आला होता ना, तेव्हा कोयनेल, ते तापाचं कडू औषध, फार पोटात गेलं आणि कानांवर उतरलं. कानात रहाट फिरल्यासारखा आवाज सुरू झाला. पुढं तो आवाज कमी होत गेला, तेव्हा मला वाटलं सुटलो. पण त्याच्यामागोमाग बाकीचंही गेलं. परात, लिलाव, तुझ्या आईची हाक. हल्ली बाजारात उभा राहिलो की अख्खा इतवारा दिवाणजीसारखा दिसतो, सगळ्यांची तोंडं हलतात. मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी पाटीवर लिहून दिलं की याला औषध नाही. तू काळजी करून घेऊ नको. रुमालाखालचा धंदा बरा चालला आहे, आणि तुझं बाळ रात्री रडलं तर उठायला तुझी आई आहे. पौषात तुला घ्यायला बडनेऱ्याला मीच येणार, दुसऱ्या कोणाला पाठवणार नाही. फक्त एक कर. गर्दीत मागून हाक मारायची तुझी सवय आहे, तशी मारू नको. मी वळलो नाही तर बाबा रागावले असं तुला वाटेल. फलाटावर उतर आणि माझ्या समोर येऊन उभी राहा. मला ऐकू येत नाही.

तुझाच,
बाबा